खरवड कुणाला आवडायची?

बेळगावातल्या वडगावहून आलेलं पत्र थोडं आखडून देते आहे:

"मावशी, माझं वय ४४. माहेर खासबाग. नवरा उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. घरी ७८ वर्षांच्या सासूबाई, दहावीतली मुलगी, सातवीतला मुलगा. गेल्या आठवड्यात मुलीनं तिचं स्लॅमबुक पुढ्यात टाकलं, आई तू पण भर म्हणाली. आवडता पदार्थ, आवडता रंग, आवडतं गाणं, जिवलग मैत्रीण. पदार्थापुढे मी 'भरली वांगी' लिहिलं, मग लक्षात आलं की ती ह्यांना आवडतात. रंगापुढे पेन अडकलं. मुलगी हसली, 'आई, तुला काहीच आवडत नाही काय?' मैत्रिणीच्या जागी मात्र हात आपोआप चालला.

आमची भिंतीला भिंत. तिच्या घरी कन्नड, आमच्या घरी मराठी. ती कन्नड शाळेत, मी मराठी. खरं, संध्याकाळी दोघी मिळून मागाच्या कांड्या भरत होतो. तिला चुरमुऱ्यांच्या गिरमिटात कांदा बचकभर लागायचा, बांगड्या मोरपंखीच पाहिजेत, पाऊस आला की छत्री मिटून चालायची. माझ्या मुलीच्या बारशाला ती आली, पाळण्याजवळ बसून जोगुळ, म्हणजे कन्नड पाळणा, म्हणायला लागली. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, 'आमच्यात पाळणा मराठीतच म्हणतात.' ती मधेच थांबली. मी काही बोललो नाही. ओटी न घेताच ती गेली. त्याला पंधरा वर्षं झाली. आता ती बैलहोंगलला शाळेत शिकवते. नंबर मिळालाय. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, 'आता कशाला?' फोन करू काय? आणि मला खरंच काही आवडेनासं झालंय काय?"

ताई,

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत आणि दोन्ही वेगळे समजून विचारलेत. मला ते एकच वाटतात. असं का वाटतं ते सांगायला मला माझ्या आईच्या दहाव्याची गोष्ट सांगावी लागेल. आजवर ती मी कुणाला लिहून सांगितलेली नाही.

आम्ही पाच भावंडं खानापुरात मलप्रभेच्या काठाला उभी होतो. पिंड ठेवला. कावळा शिवेना. झाडावर चार-पाच बसलेले, खाली बघत होते आणि मान फिरवत होते. थोरल्या भावानं जिलेबी ठेवली. बहिणीनं पुरणपोळी ठेवली. मी कांदाभजी ठेवली. तास झाला. भटजींनी विचारलं, "बाईंना काय आवडायचं?" आणि आम्ही पाचही जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. जिलेबी भावाला आवडायची. पुरणपोळी बहिणीला. कांदाभजी मला. तिच्या हातचं आम्हाला जे आवडायचं, तेच आम्ही एकेक करून पानावर ठेवत होतो.

मागं तिची बालमैत्रीण उभी होती, ऐंशीच्या घरातली. ती हळूच म्हणाली, "दुधाची खरवड ठेवा गा. त्याच्यासाठी आम्ही दोघी भांडत होतो."

दूध आटवल्यावर तळाला लागते ती खरवड. तांबूस, चिवट, करपायच्या जरा अलीकडची. आई जन्मभर तीच खात आली. कुंदा केला की आम्हाला वाट्या भरून द्यायची आणि स्वतः पातेलं मांडीवर घेऊन कालथ्यानं खरवडत बसायची. आम्हाला वाटायचं, बिचारी चांगलं ते आम्हाला देते आणि तळाचं आपण खाते. नोकरी लागल्यावर मी एकदा तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि वाटीभर ताजा कुंदा तिच्यापुढे ठेवला. मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं होतं. ती काही बोलली नाही. कुंदा खाल्ला. पातेलं मी घासून पालथं घातलं.

त्या दिवशी जवळच्या घरातून दूध आटवून आणलं, खरवड काढून ठेवली आणि कावळा शिवला. योगायोग म्हणा, त्याला तेव्हाच भूक लागली म्हणा. मला अजून दिसतं ते पालथं घातलेलं पातेलं.

आईची आवड जिवंत होती, आमच्या डोळ्यांसमोर होती, आणि पाच जणांपैकी एकालाही ती आवड म्हणून ओळखता आली नाही. ती ओळखायला आई नुसती मुलगी होती तेव्हाचं माणूस लागलं. आम्ही तिला आई म्हणूनच बघितलेलं. तुमच्या घरातल्यांनी तुम्हाला सून, बायको, आई म्हणून बघितलंय. त्यात त्यांचा दोष नाही, ते तेव्हापासूनच तुमच्या आयुष्यात आलेत. त्याच्या आधीची तुम्ही ज्या एका माणसाजवळ आहात, तिच्याशी तुमचं पंधरा वर्षं बोलणं नाही. मग रंगापुढे पेन अडकेल नाही तर काय होईल?

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. स्वतःची एक आवड तुम्हाला लिहिता आली नाही, आणि तिच्या तीन तुम्ही एका दमात लिहिल्यात. बचकभर कांदा, मोरपंखी बांगड्या, पावसातली मिटलेली छत्री. पंधरा वर्षांत एकही विसरला नाहीत. मग तुमच्या आवडी कुठं असतील? बैलहोंगलला असतील. तुम्ही तिच्या जपल्यात तशा तिनं तुमच्या जपल्या असणार. म्हणून म्हटलं, प्रश्न एकच आहे.

आणखी एक दिसलं. तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. पहिल्या दोन पानांत तुम्ही शाळेत शिकवल्यासारखं "मी गेले", "मी केले" लिहिलंय. मैत्रिणीचा विषय निघाला तशी तिथून पुढं "मी बोललो नाही", "मी रडलो", "आम्ही दोघी जात होतो". आपल्या भागातल्या बायका बोलतात तसं. पुण्यामुंबईची माणसं याला हसतात, हसू देत. तिचं नाव आलं आणि तुमची खरी बोली आली, एवढं मला दिसलं. ज्या बाईला "काहीच आवडत नाही" तिच्या हातून असं लिहून होत नाही.

आता बारशाचं. इथं मी थोडं सावकाश बोलणार आहे, कारण तुमच्या घरातली जखम आणि या भागाची जखम एकमेकींत अडकली आहे.

सासूबाई तसं का बोलल्या असतील हे मला समजतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. आपल्याकडं त्या तारखेला एका मराठी घरात काळा दिवस असतो आणि शेजारच्या कन्नड घरात राज्योत्सव, हे तुम्हाला मी सांगायला नको. १९८६ साली कन्नड सक्तीच्या विरोधात आंदोलन झालं, माणसं गेली, हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे. तुमच्या सासूबाई तेव्हा ऐन चाळिशीत होत्या. कचेरीत गेल्यावर आपला कागद आपल्याला वाचता येऊ नये, याचं दुःख त्या पिढीनं पोटात घेऊन दिवस काढले. ते दुःख खरं आहे. मराठीत कागद मिळावा, मराठी शाळा टिकावी, हे मागणं मलाही माझं वाटतं.

पण ताई, त्या दिवशी पाळण्याजवळ कचेरी बसली नव्हती. तुमच्याबरोबर कांड्या भरलेली पोरगी बसली होती. तिनं सरकारचा हुकूम आणला नव्हता, आजीकडून शिकलेलं जोगुळ आणलं होतं. आणि बाळाला निजवताना कन्नड आई "जो जो" म्हणते आणि मराठी आईही "जो जो" म्हणते. इथून जवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या घरी कन्नड बोलत होते, आणि त्यांचा सूर लागला की आपल्याकडची मराठी घरं अजून कामं थांबवून ऐकतात. भाषेचा अभिमान बाळगताना कुणाचं गाणं मधे तोडावं लागत नाही.

हे सगळं मी सासूबाईंसाठी लिहिलेलं नाही, तुमच्यासाठी लिहिलंय. कारण मला भीती वाटते की फोनवर तुम्ही म्हणाल, "सासूबाई तसं बोलल्या गं, मला फार वाईट वाटलं." तसं म्हणू नका. सासूबाईंचं बोलणं त्यांच्याकडं. मैत्रिणीला ते लागलंही असेल, पण त्या बाईशी तिचं नातं तरी काय होतं? पंधरा वर्षं जे तिला टोचलं असेल ती तुमची गप्प बसलेली मान आहे. पत्रात तुम्ही स्वतःच लिहिलंत, "मी काही बोललो नाही." त्याच्या आधी नाही, नंतरही नाही, सबब एकही नाही. तेवढंच वाक्य तिला सांगा. "त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही. चुकलं." बाळंतपण नवं होतं, घर नवं होतं, हिंमत नव्हती, हे सगळं खरं असलं तरी तिनं विचारल्याशिवाय सांगू नका. क्षमेच्या मागं कारणं जोडली की ऐकणाऱ्यालाच आपली समजूत काढावी लागते.

तर फोन करा. मेसेज नको. सणाचं चित्र पाठवून अंदाज घेणं तर नकोच, ते तिला शंभर जण पाठवतात. फोनच करा, आणि पहिलं वाक्य कन्नडमध्ये बोला. तुम्हाला येतं, लहानपणापासून येतं. "ऊटा आतेन?" एवढं विचारलंत तरी पुरे. जेवलीस का, हे विचारायला आपल्याकडं वेगळं निमित्त लागत नाही. मग नाव सांगा. मग ते बारशाचं सांगा, लगेच, हवापाण्याच्या गप्पा होण्याआधी. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलून झालं की ते वाक्य घशातून वर येत नाही, मी अनुभवानं सांगते.

ती गप्प राहिली तर? राहू दे. पंधरा वर्षांचं गप्प बसणं तिच्याकडंही साठलंय. "बरं, नंतर बोलू" म्हणून तिनं फोन ठेवला तर दुसऱ्या दिवशी परत लावू नका, महिनाभर थांबा. कदाचित ती बारशाचं विसरलीही असेल आणि तुम्हीच का तुटलात याचा विचार करत बसली असेल. असंही होतं. आणि तिनं मैत्री परत नको म्हटलं तर तो तिचा हक्क आहे. तरीही फोन वाया जाणार नाही, कारण निदान ती ओटी न घेता गेली तो क्षण तिच्या मनात एकटा राहणार नाही.

बोलणं झालं तर मात्र जाऊन या. नवऱ्याकडं पैसे मागायचाही प्रश्न नाही. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकच्या साध्या बसमध्ये बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, कर्नाटकातला पत्ता असलेलं आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्याचं तिकीट फाडून देतो. बसस्टँडवर बैलहोंगलची गाडी बघायची आणि बसायचं. जाताना कुंदा नेऊ नका, तो पाहुण्यांना नेतात. गणपत गल्लीत जाऊन मोरपंखी बांगड्या घ्या. मापाची चिंता करू नका. मनगटं वाढली असतील दोघींचीही, दोन मापांच्या घ्या.

मुलीला बरोबर घ्या, हे मी मुद्दाम सांगते. तिचं हसणं तुम्हाला लागलं, कळतं मला. पण तिनं टोमणा मारला नाही. पंधरा वर्षांच्या पोरीनं आईला स्लॅमबुक भरायला दिलं, म्हणजे तिनं तुम्हाला मैत्रिणींच्या रांगेत बसवलं! हे किती घरांत होतं? ओळी रिकाम्या राहिल्या म्हणून लाजू नका. तिला सांगा, थांब थोडी, या ओळी कुणाकडं आहेत मला ठाऊक आहे, आपण जाऊन विचारून येऊ. आणि ते जोगुळ तिच्याच पाळण्यात अर्धं राहिलंय. तिला ते पुरं ऐकायला मिळालं तर बरं.

"आता कशाला?" म्हणणाऱ्या नवऱ्याशी वाद घालू नका. त्यांनी तुम्हाला नाही म्हटलेलं नाही, त्यांना फक्त त्याची किंमत माहीत नाही. भट्टीसमोर दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाला पंधरा वर्षांपूर्वीचं बारसं मोठं वाटत नाही. "शनिवारी बैलहोंगलला जाऊन येणार आहे, दुपारचं झाकून ठेवते," एवढं सांगा. विचारू नका, सांगा. आवाज चढवायचीही गरज पडणार नाही.

सासूबाईंना मात्र मी वेगळं काही विचारायला सांगेन, तेही सवडीनं. भाकरी थापताना, त्या जवळ बसलेल्या असताना विचारा, "लग्नाआधी तुम्हाला काय आवडायचं हो?" त्यांच्या माहेरचं त्यांना पन्नासेक वर्षांत कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. हे त्यांना बदलायला म्हणून करू नका. नुसतं विचारा आणि ऐका. बारशाचा विषय त्यांच्याकडं आता काढून उपयोग नाही, त्या वयात माणूस चूक कबूल करण्यापेक्षा आठवण सांगतो.

आणि रोजच्या जेवणाचं. "आज काय करू?" हा प्रश्न आठवड्यातून एक दिवस विचारायचा नाही. त्या दिवशी तुम्हाला जे करावंसं वाटेल ते करायचं, आणि काही वाटलं नाही तर पिठलं-भाकरी. सुरुवातीला पिठलं-भाकरीच होईल. होऊ दे. पाचव्या-सहाव्या वेळी कधीतरी हात आपोआप एखाद्या डब्याकडं जाईल. तो डबा कुठला हे मला आत्ताच सांगता येणार नाही, पण तुमच्या पत्रात एक ओळ आहे, तुम्ही खोडलेली, तरी वाचता येते: "पंचमीला तिच्या आईच्या हातचं तंबीट..." पुढं काही नाही. का खोडलंत? सासरी करत नाहीत म्हणून? डाळं भाजायला आणि गूळ चिरायला कुणाची परवानगी लागत नाही ताई. प्रमाण आठवत नसेल तर तिला विचारा. तिच्या आईचं असेल, तर तिलाच येत असणार.

दसरा तोंडावर आलाय. आपण आपट्याची पानं देऊन "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" म्हणतो. कन्नड घरांत शमीची, म्हणजे बन्नीची, पानं देतात, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण" म्हणतात. बन्नी घेऊन सोन्यासारखे राहूया. खासबागेत भिंतीला भिंत लावून राहिलात, दोन्ही पानं तुमच्या ओंजळीत पडली असतील. पण कन्नडमध्ये "बन्नी" म्हणजे "या" सुद्धा, हे कधी लक्षात आलं होतं का? मला फार उशिरा आलं.

तिचा नंबर तुम्ही स्लॅमबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय म्हणता. शाळा साडेचारला सुटत असेल, घरी जाऊन चहा होईपर्यंत साडेपाच. तेव्हा लावा.

तुमची,
मावशी